‘तिला चालत न्हाय’ म्हणणारे अण्णा

अण्णा,

तुमच्या तेराव्याला आत्यानं माझ्या पानात बुंदीचा लाडू वाढला आणि मी मान वर करून दाराकडे पाहिलं. तुम्ही येऊन बोलाल म्हणून.

आजवर कुणी माझ्या पानापाशी गोड आणलं की कुठून तरी तुमचा आवाज यायचाच. "तिला चालत न्हाय." बारशांत, लग्नांत, शाळेच्या गॅदरिंगला, माझ्या स्वतःच्या साखरपुड्यात भटजींनी साखर पुढे केली तेव्हासुद्धा. ऑफिसात मी हे शंभर वेळा इंग्रजीत सांगितलं असेल. पण आपल्या माणसांत, पंगतीत बसून, मला ते कधी सांगावंच लागलं नव्हतं.

"बापाच्या नावाचा घास हाय, शुभे," आत्या म्हणाली. "गोड खाल्ल्याबिगर सुतक सुटत न्हाय. येवढासा खा."

पंगत थांबली होती. मी लाडू पानाच्या कडेला सारला. तेवढ्यात आई भिंतीजवळून उठली. तेरा दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून उठली असेल. माझ्या पानातला लाडू तिनं उचलला आणि म्हणाली, "तिच्या वाटचा मी खाते, वन्सं." उभ्याउभ्याच तिनं तो खाल्ला. घशाखाली उतरत नव्हता, पाणी पीत पीत खाल्ला.

मला रडू आलं नाही, अण्णा. भीती वाटली. लहानपणी बाजारात तुमचा हात सुटला की वाटायची, तशी. आणि खरं सांगायचं तर ती माझ्यासाठी नव्हती. माझ्या मांडीवर रेवा होती, सहा महिन्यांची, आणि ती त्या लाडवाकडे टक लावून पाहत होती.

आपण दोघं या आजाराबद्दल रोज बोललो. काय खाल्लं, कुठलं पीठ, पाकिटावर काय लिहिलंय. पण तो सुरू कसा झाला हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. ते मला सोळाव्या वर्षी आत्याकडून कळलं. माझ्या आधी तुम्हाला एक मुलगा होता. विनायक, विनू. आईच्या दुधावर चांगला बाळसेदार होता. उष्टावण झालं, खीर चाटवली, आणि तिथून तो उतरणीला लागला. उलट्या, फुगलेलं पोट, मग डोळे पिवळे. सगळे म्हणाले कावीळ. कावीळ म्हटल्यावर आपल्याकडे जे करतात तेच तुम्ही केलंत. उसाचा रस. रोज कामावरून येताना गुऱ्हाळातून ताजा रस आणायचा आणि चमच्या-चमच्यानं पाजायचा. आठव्या महिन्यात तो गेला.

दोन वर्षांनी माझा जन्म झाला. माझ्याही उष्टावणाच्या खिरीनंतर मी घामानं चिंब होऊन मान टाकली, तेव्हा तुम्ही मला टॉवेलात गुंडाळून अनवाणी रिक्षात बसलात. सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी तपासायच्या आधी विचारलं, "काय खायला दिलं होतं?" आणि मग, "हे पहिलंच मूल का?"

आईनं विनूचं सगळं सांगितलं. रसाचंही. डॉक्टरबाईंनी ते सगळं लिहून घेतलं, असं आई सांगते. दोन दिवस त्यांनी पुस्तकं वाचली, मोठ्या डॉक्टरांना विचारलं आणि तिसऱ्या दिवशी तुम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाल्या, हिच्या लिव्हरला फ्रुक्टोज पचवता येत नाही. फळांत, मधात असतं ते. साध्या साखरेतही अर्धं तेच असतं.

तुम्ही विचारलंत, "आन् गूळ?"

"गूळसुद्धा. गूळ, साखर, मध, फळं. थेंबभरही नाही. पोटात गेलं तर रक्तातली साखर एकदम उतरते, लिव्हर खराब होत जातं. जन्मभर सांभाळावं लागेल."

"बाई," तुम्ही म्हणालात, "मी गूळ तोलतो."

मार्केट यार्डात गुळाच्या गाळ्यांवर तुम्ही तोलाईचं काम करायचात. दिवसभर ढेपा काट्यावर चढवायच्या आणि उतरवायच्या. कपड्यांना, नखांना, केसांनासुद्धा गूळ. त्या दिवसापासून तुम्ही घरात शिरायच्या आधी बाहेरच्या नळावर आंघोळ करायला लागलात. थंडीतसुद्धा. कामाचे कपडे बाहेरच्या बादलीत टाकायचे, मग मला उचलायचं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की नुसत्या वासानं काही होत नाही. तुम्ही "हां हां" म्हणालात आणि तीस वर्षं नळाखाली बसलात.

त्यांनी दिलेली यादी अर्ध्या पानाचीच होती. काय चालेल: दूध, तांदूळ, ग्लुकोज. काय चालणार नाही ते पुढे. उरलेल्या सगळ्यावर प्रश्नचिन्ह, कारण त्यांनीही असा पेशंट आधी पाहिला नव्हता. ती प्रश्नचिन्हं तुम्ही आणि आईनं एकेक करून सोडवलीत. एक पीठ घ्यायचं, पहिल्या दिवशी चिमूटभर, दुसऱ्या दिवशी चमचाभर, तिसऱ्या दिवशी छोटीशी भाकरी. त्या तीन दिवसांत दुसरं काही नवीन द्यायचं नाही. तांदळाचं पीठ पास झालं. मैदा पास झाला. सगळं जग मुलांना मैदा देऊ नका म्हणत होतं आणि आमच्या घरी मैद्याची पोळी हे पौष्टिक अन्न होतं. गव्हाचा कोंडा बारीक चाळणीनं काढला तर थोडा गहू चालायचा. बेसनानं मला घाम फुटला, बेसन बंद. या तीन दिवसांत तुम्ही माझ्या कपाळाला इतक्या वेळा हात लावायचात की मी वैतागायचे. तुमच्या हाताला घट्टे होते. आजही कपाळावर ते खरखरीत बोट आठवतं.

मग गिरणीचा प्रश्न. तांदळाच्या आधी कुणी सोयाबीन घातलेला गहू दळून गेलं असेल तर? तुम्ही गिरणीवाल्याला म्हणायचात, आधी शेरभर तांदूळ दळून बाजूला काढा, मग आमचं दळा. तो म्हणायचा, "मालक, पीठ हवंय का भस्म? सोनं दळल्यासारखं करताय." एकदा त्याच्याकडचं पीठ खाऊन मला उलट्या झाल्या. त्या पिठानंच झाल्या का, देव जाणे. पण तुम्ही दुसऱ्यांदा परीक्षा घेतली नाहीत. आपल्या एका खोलीत घरघंटी आली. ती चालू झाली की शेजारच्यांचा टीव्ही ऐकू यायचा नाही. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणायच्या, "तुमचं विमान कधी उतरणार आहे?"

आणि गोड. गोडाशिवाय मूल कसं वाढवायचं, हा आईचा हट्ट. ग्लुकोज चालतं म्हटल्यावर ती औषधाच्या दुकानातून साधी ग्लुकोज पावडर आणायची आणि खव्यात घालून पेढे वळायची. संत्र्याच्या, लिंबाच्या स्वादाची पावडर नाही, त्यात साखर घालतात. पण साध्या डब्यातही कुणी साखर मिसळली तर? तेव्हा डब्यांवर काय काय आहे ते धड लिहिलेलंही नसायचं. तुम्ही प्रत्येक नवा डबा फोडून चिमूटभर जिभेवर ठेवायचात. गुळाच्या बाजारात तुमच्या जिभेला मान होता. ढेपेचा कण चाखून तुम्ही गाव सांगायचात, असं लोक म्हणत. आईला तुम्ही शिकवलं होतंत, "साखर आल्या आल्या गोड लागती. गुलकोज जिभंला थंड लागतं. थंड लागलं का समजायचं, बरोबर हाय."

या जिभेवर तुमचा इतका विश्वास होता, म्हणूनच माझ्या अकराव्या वाढदिवसाचं इतकं मनाला लागलं तुमच्या.

तेव्हा आपल्याकडे ती नवी दुकानं निघाली होती, जिथं आपणच टोपली घेऊन हिंडायचं. शहर बदलत होतं, बाहेरच्या देशांतल्या वस्तू फळीवर मांडलेल्या दिसायला लागल्या होत्या. तुम्ही तिथं एक पत्र्याची डबी पाहिलीत. रंगीत गोळ्या, आणि वर मोठ्या अक्षरात ‘शुगर फ्री’. काउंटरवरच्या बाईंना तुम्ही तीनदा विचारलंत, साखर न्हाय ना? त्या म्हणाल्या, "अहो काका, एवढं ठळक लिहिलंय त्यांनी. आता काय, शपथपत्र आणू?"

घरी येऊन तुम्ही डबी उघडलीत, एक गोळी जिभेवर ठेवलीत आणि डोळे मिटलेत. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुमचा चेहरा असा उजळला! "थंड हाय," तुम्ही आईला हाक मारून म्हणालात. "अगं, थंड लागतीया! गुलकोजच हाय!"

मी तीन गोळ्या खाल्ल्या. आयुष्यात पहिल्यांदा दुकानातली, रंगीत कागदातली गोळी. तुम्ही समोर बसून नुसतं बघत होता. चौथी तुम्हीच सोलून हातात ठेवलीत, पण तोवर माझे हात कापायला लागले होते. मग घाम, मग उलट्या, मग मला काही आठवत नाही.

चार दिवस मी दवाखान्यात होते. डॉक्टरबाई तेव्हा त्यांच्या स्वतःच्या दवाखान्यात बसत. त्यांनी डबीमागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "सॉर्बिटॉल. साखर नव्हे, पण पोटात गेल्यावर याचं फ्रुक्टोजच होतं."

"पण थंड लागलं, बाई," तुम्ही म्हणालात.

"हो. तेही थंडच लागतं."

त्यानंतर तुम्ही कधी काही चाखलं नाहीत. मला म्हणालात, इंग्लिश शिकव. अख्खी भाषा नको, तेवढेच शब्द. मी वहीच्या पानावर सुक्रोज, फ्रुक्टोज, सॉर्बिटॉल असे सहा शब्द मोठ्या अक्षरांत काढून दिले आणि तुम्ही, सातवी पास झालेला माणूस, ते चित्रांसारखे पाठ केलेत. मग वर्षानुवर्षं आपण दुकानात गेलो की तुम्ही पाकीट उलटं धरून ओळीवरून बोट फिरवत उभे. डायबेटिसवाल्यांची बिस्किटं, खोकल्याचं औषध, टूथपेस्टसुद्धा. एकदा एका दुकानदारानं ऐकवलं, "काका, वाचनालय पुढच्या चौकात आहे." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तिथं पाकिटं ठेवत न्हाईत."

मी कॉलेजात गेले, हिंजवडीत नोकरीला लागले, अकोल्याच्या प्रशांतशी लग्न केलं. पहिल्यांदा घरी आला तेव्हा तुम्ही त्याची जात, पगार, काही विचारलं नाहीत. त्याच्यापुढे तो कागद ठेवलात. "येवढे शब्द वळखता येतात का?" प्रशांत कॉम्प्युटर इंजिनिअर. त्यानं ते सहा शब्द तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवले आणि तुम्ही म्हणालात, "जमंल."

रेवाच्या वेळी सिझर करायचं ठरलं. ऑपरेशनच्या दारात तुम्ही प्रत्येक नर्सला अडवून विचारत होता, सलाईन कुठलं लावताय, दाखवा. एक नर्स चिडली. "काका, आम्हाला आमचं काम कळतं, बाहेर थांबा." तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "ताई, तुम्हाला कळतं. पण तेवढं वाचून दाखवा." तिनं वाचून दाखवलं. टेबलावर पडल्या पडल्या मी ते ऐकलं आणि मग माझी भीती गेली. तेव्हाची भीती.

नवी भीती रेवाबरोबर जन्माला आली. तिच्या जिभेला मध लावायला आलेल्या प्रशांतच्या काकूंना तुम्ही खोलीबाहेर काढलंत. पहिले पाच महिने नुसतं माझं दूध, तोवर काळजी नव्हती. पण सहावा लागला तशी मी दिवस मोजायला लागले. डॉक्टरांनी समजावलं होतं. माझ्याकडून रेवाला बिघडलेला एक भाग मिळालेलाच आहे. पण आजार व्हायला प्रशांतकडूनही तसाच मिळायला हवा. म्हणून त्याचं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला, त्याच्यात दोष सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, "ज्या चुका शोधता येतात त्या नाहीत. म्हणजे जवळजवळ नक्कीच तुमची मुलगी ठीक आहे."

जवळजवळ.

तुम्ही दोघं आमच्याकडे आला होता तेव्हा मी तुम्हाला रिपोर्ट वाचून दाखवला. तुम्ही रेवाच्या लंगोटांच्या घड्या घालत होता. म्हणालात, "नकोच ना पण. कशाला द्यायचं गोड? तू जगलीस की गोडाबिगर. तशीच वाढव."

"अण्णा, तिला काही झालेलं नसेल तर तिनं का असं जगायचं? रिपोर्टवर लिहिलंय."

"पाकिटावर बी लिहिलं व्हतं."

भांडणात हरायला लागलं की माणूस जे बोलतो ते मी बोलले. म्हणाले, "विनूचं तुमच्या हातून झालं म्हणून माझ्या पोरीनं जन्मभर घाबरत जगायचं का?"

आपल्या घरात त्याचं नाव त्याच्या मागे पहिल्यांदा उच्चारलं गेलं, तेही असं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच थांबली. तुम्ही हातातली घडी पुरी केलीत, इतर घड्यांवर ठेवलीत, चपला घातल्यात. "येतो," म्हणालात.

पुढचे सहा दिवस फोनवर तुम्ही एकच विचारलंत. "रेवानं दूध घेतलं?" मी म्हणायचे, "घेतलं." मग तुम्ही फोन ठेवायचात. मला वाटायचं, रविवारी जाऊ, समोर बसून बोलू. सातव्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन तुम्ही खुर्चीत बसलात आणि आई दूध तापवून येईपर्यंत गेला होता.

अण्णा, मी माफी मागितली नाही. माफी मागायला सहा दिवस पुरेसे होते.

तेराव्यानंतर आईनं सांगितलं, त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही डॉक्टरबाईंच्या घरी गेला होता. कशाला, ते तिला सांगितलं नव्हतंत. आल्यावर फक्त विचारलंत, रेवा कितव्या महिन्यात हाय.

मी गेले त्यांच्याकडे. आता थकल्यात, दवाखाना बंद केलाय, पण माझं नाव सांगायच्या आधीच ओळखलं. मला आशा होती, अण्णा. मला वाटत होतं तुम्ही रेवाबद्दल विचारायला गेला असाल. त्या म्हणतील, तुझे वडील तयार झाले होते गं, दे म्हणाले. मला तेवढं वाक्य हवं होतं.

"तुझ्या मुलीबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग?"

"तुझ्या भावाबद्दल विचारलं. म्हणाले, रस पाजताना तो तोंड फिरवायचा. रोज फिरवायचा. मी नाक दाबून पाजायचो, औषध म्हणून. बाई, त्याला कळत व्हतं का?"

मी पदर तोंडाशी धरला.

"मी सांगितलं, नाही. आठ महिन्यांच्या बाळाला काय कळणार."

"खरं काय आहे?" मी विचारलं.

"तू चौदा महिन्यांची असताना कुणीतरी साखरेचा पेढा तोंडात घातला, तू थुंकून टाकलास आणि ओठ घट्ट मिटलेस. हे मला तुझ्या वडिलांनीच येऊन सांगितलं होतं, कौतुकानं. ते विसरले नसणार." त्यांनी चष्मा काढला. "मी खोटं बोलतेय हे त्यांना माहीत होतं. तरी आभार मानले, पाणी प्यायले आणि गेले."

परतताना मी रिक्षावाल्याला दोनदा चुकीचा पत्ता सांगितला. तुम्ही माझ्या प्रत्येक घासाआधी माझ्या तोंडाकडे का पाहायचात, ते मला त्या रिक्षात कळलं. मी ओठ मिटले की तुम्ही ताट उचलायचात. "न्हाय म्हनती ना, मग राहू दे." आईनं दोन घास आणखी भरवायचा प्रयत्न केला तर तिच्यावर ओरडायचात. मला वाटायचं, अण्णा लाड करतात. मी मोठी झाले, आई झाले, तरी कधी तुमच्या त्या भीतीशेजारी येऊन बसावं असं मला सुचलं नाही. मी तिचा फायदा घेतला आणि शेवटी तिच्यावरून तुम्हाला टाकून बोलले. ते तुमच्या हातून झालं नाही अण्णा, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, कावीळ झालेल्या प्रत्येक घरात रसच पाजत होते. हे मला सोळाव्या वर्षापासून म्हणता आलं असतं.

परवा रेवाला दवाखान्यात नेलं. मुलांचे डॉक्टर म्हणाले, खरं तर घरीही चाललं असतं, पण तुमची मनःस्थिती बघता इथंच करू. ग्लुकोज तयार आहे, माणसं आहेत, थोड्या थोड्या वेळानं साखर तपासू. सकाळी दहाची वेळ. प्रशांतनं एक केळं कुस्करलं, कारण केळ्याला मी हात लावू शकत नाही असं मला वाटत होतं, तसं काही नसलं तरी. आई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. तिचे ओठ हलत होते, कुठल्या देवाचं नाव घेत होती ते मी विचारलं नाही.

"आई, तुम्ही भरवा," डॉक्टर मला म्हणाले.

मी चमचा घेतला. अर्धा चमचा पिवळसर लगदा, अण्णा, आणि मला वाटत होतं माझ्या हातात विष आहे. उठावं, मुलीला उचलावं आणि पळत सुटावं. तांदळाची पेज, मैद्याची पोळी, घरघंटी, सगळं येतं मला, मी तिला सुखरूप वाढवीन, कशाला ही परीक्षा. म्हणजे तुमचंच वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. मी ते गिळलं.

चमचा ओठांना लावला. रेवानं आधी जीभ बाहेर काढली. तोंड वाकडं केलं. माझा हात मागे आला.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "नवीन चव आहे. बघू तिला."

तिनं जीभ आत घेतली. चाखली. बराच वेळ चाखली.

पहिल्या अर्ध्या तासानं टाच टोचून साखर बघितली, ठीक. दुसऱ्यांदा, ठीक. मी तिच्या कपाळाला सारखा हात लावत होते. कोरडं. पुन्हा लावला, कोरडंच. प्रशांत म्हणाला, "आता तू हात लावून लावून तिचं कपाळ झिजवशील." हसायचा प्रयत्न करत होता, पण त्याचा स्वतःचा शर्ट पाठीला चिकटला होता. तीन तासांनी डॉक्टर आकडे बघून म्हणाले, "उत्तम. घरी गेल्यावरही आठवडाभर थोडं थोडं देत राहा, लक्ष ठेवा, आम्ही पुन्हा तपासू. मला काळजी वाटत नाही."

मला वाटते. उद्याही वाटेल. ‘जवळजवळ’ हा शब्द अजून गेलेला नाही.

आणि तुमचा होकार मला मिळालेला नाही, तो आता मिळणारही नाही. तुम्ही त्या खोलीत असता तर चमचा माझ्या हातातून काढून घेतला असता का, की डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून उभे राहिला असता, मला माहीत नाही. आपलं भांडण होतं तिथंच आहे. तुमच्या मर्जीविरुद्ध दिलं असेल तर दिलं. चुकलं असतं तर ते माझ्या हातून चुकलं असतं, आणि त्याचं ओझं काय असतं हे मला आता थोडंसं कळलंय.

निघायच्या आधी डॉक्टर म्हणाले, भूक लागली असेल तिला, वाटीत उरलंय ते हवं तर द्या. मी चमचा भरला. त्यातलं अर्धं तिच्या झबल्यावर सांडलं. मी अजून चमचा सावरतच होते. रेवानं दोन्ही मुठींनी माझं मनगट धरलं, आपल्याकडे ओढलं आणि तोंड उघडलं.